६३ टक्क्यांची गंमत : रेझिस्टर, कपॅसिटर आणि वेळेचं गणित

लॅपटॉपच्या अडॅप्टरचं बटण बंद करून बघा. त्यावरचा बारीक दिवा लगेच विझत नाही. दोन-चार सेकंद रेंगाळतो, मंद होत जातो आणि मग विझतो. वीज तर गेली होती, मग दिवा कुणाच्या जिवावर जळत होता? आतल्या कपॅसिटरच्या!

कपॅसिटर म्हणजे धातूचे दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये वीज वाहू न देणारा पातळ थर. रेझिस्टर म्हणजे करंटला अडवणारा तुकडा. दोघांनाही दोन-दोनच पाय आणि वेळेशी दोघांचाही काही संबंध नाही. पण या दोघांना एका ओळीत जोडून बॅटरी लावली की चक्क घड्याळ तयार होतं. याच घड्याळावर हृदयाचे ठोके पडले, समुद्राखालच्या तारा अडल्या आणि आज तुमच्या फोनची मेमरी टिकून आहे. चला, या जोडीचे भन्नाट किस्से एकेक करून पाहू.

१. पहिला क्षणच सगळ्यात जोरदार

स्विच दाबला त्या क्षणी कपॅसिटर रिकामा असतो. बॅटरीचं सगळं व्होल्टेज एकट्या रेझिस्टरवर पडतं, म्हणून करंट तेव्हाच सर्वाधिक असतो. बॅटरी ९ व्होल्टची आणि रेझिस्टर १,००० ओहमचा असेल, तर सुरुवातीचा करंट ९ मिलिअँपिअर. जणू कपॅसिटर नाहीच, त्याच्या जागी साधी तार आहे! कपॅसिटर भरू लागला की त्याचं स्वतःचं व्होल्टेज बॅटरीला विरोध करू लागतं. रेझिस्टरच्या वाट्याला कमी व्होल्टेज उरतं, करंट घटतो, आणि करंट घटला म्हणून भरण्याचा वेगही घटतो. शेवटी दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं होतं आणि करंट थांबतो. कपातला चहाही असाच निवतो: वाफाळता असताना झपाट्याने, कोमट झाल्यावर रेंगाळत. दोन्हीकडचं गणित एकच. जितका फरक शिल्लक, तितका वेग.

२. मधून कुणीच जात नाही, तरी करंट वाहतो

कपॅसिटरच्या दोन पत्र्यांमधला थर इलेक्ट्रॉनला पलीकडे जाऊ देत नाही. तरीही दोन्ही तारांमध्ये अँमीटर लावला, तर दोन्ही ठिकाणी नेमका सारखाच करंट दिसतो! एका पत्र्यावर जितके इलेक्ट्रॉन येऊन साचतात, तितकेच दुसऱ्या पत्र्यावरून निघून जातात. म्हणून ‘चार्ज’ झालेल्या कपॅसिटरवरचा एकूण विद्युतभार शून्यच असतो. एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच उणे. मग मधल्या फटीत काय घडतं? तिथे विद्युतक्षेत्र वाढत जातं. हे बदलतं विद्युतक्षेत्रही करंटसारखंच चुंबकीय परिणाम घडवतं, ही कल्पना जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१-६२ मध्ये मांडली. त्यातूनच पुढे विद्युतचुंबकीय लहरींचं भाकीत निघालं आणि १८८०च्या दशकाच्या अखेरीस हाइनरिश हर्ट्झ यांनी त्या लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या. रेडिओ, टीव्ही, मोबाइल, वायफाय या सगळ्यांमागचा सिद्धांत या फटीतल्या ‘काहीच नाही’पर्यंत पोहोचतो.

३. ओहम गुणिले फॅरड बरोबर... सेकंद!

रोध ओहममध्ये मोजतात, कपॅसिटरची क्षमता फॅरडमध्ये. या दोन एककांचा गुणाकार केला की उत्तर थेट सेकंदांत येतं. दहा लाख ओहम (१ मेगओहम) आणि १ मायक्रोफॅरड यांचा गुणाकार बरोबर १ सेकंद. या गुणाकाराला सर्किटचा ‘टाइम कॉन्स्टंट’ म्हणतात. घड्याळ हळू चालवायचं असेल तर मोठा रेझिस्टर घाला किंवा मोठा कपॅसिटर. दोन्हींचा परिणाम सारखाच. आणि बॅटरी दीड व्होल्टची असो वा दीडशे व्होल्टची, हा वेळ तसूभरही बदलत नाही.

४. ६३, ८६, ९५, ९८, ९९

लॉटरीचे आकडे नव्हेत हे! एक टाइम कॉन्स्टंट उलटला की कपॅसिटर ६३.२ टक्के भरतो. दुसऱ्यानंतर ८६.५, तिसऱ्यानंतर ९५, चौथ्यानंतर ९८.२ आणि पाचव्यानंतर ९९.३ टक्के. प्रत्येक टप्प्यात उरलेल्या जागेपैकी ६३.२ टक्के जागा भरते, म्हणून थोडं काहीतरी कायम उरतंच. कागदावर पाहिलं तर कपॅसिटर पूर्ण कधीच भरत नाही. इंजिनिअर मात्र पाच टाइम कॉन्स्टंट झाले की ‘भरला’ म्हणून मोकळे होतात. आणखी एक मौज : सुरुवातीचा करंट तसाच टिकला असता, तर कपॅसिटर बरोबर एका टाइम कॉन्स्टंटमध्ये काठोकाठ भरला असता.

५. निम्मी ऊर्जा गेलीच म्हणून समजा

हे वाचून भले भले चक्रावतात. स्थिर व्होल्टेजच्या बॅटरीने रेझिस्टरमधून कपॅसिटर चार्ज केला, तर बॅटरीने दिलेल्या ऊर्जेपैकी बरोबर निम्मी कपॅसिटरमध्ये साठते आणि निम्मी उष्णता होऊन उडून जाते. रेझिस्टर १ ओहमचा असो की १० लाख ओहमचा, वाटणी अर्धी-अर्धीच! रेझिस्टर छोटा असेल तर करंट मोठा पण थोडा वेळ. मोठा असेल तर करंट छोटा पण खूप वेळ. हिशेब शेवटी तिथेच येतो. यावर तोड आहे ती टप्प्याटप्प्याने व्होल्टेज वाढवण्याची. दहा समान पायऱ्यांत व्होल्टेज चढवलं, तर वाया जाणारी ऊर्जा दहाव्या हिश्श्यावर येते. घाई केली की किंमत मोजावी लागते, हे इथे गणिताने सिद्ध करता येतं.

६. पृथ्वी बरोबर पंख्याचे २८४ कपॅसिटर

फॅरड हे एकक मायकेल फॅरडे यांच्या नावाचं आणि ते अवाढव्य आहे. अवकाशात एकटा असलेला धातूचा गोळाही कपॅसिटरच असतो. पृथ्वीच्या आकाराचा गोळा घेतला तर त्याची क्षमता किती भरेल? अवघी सुमारे ७१० मायक्रोफॅरड. छताच्या पंख्यात सर्रास बसवला जाणारा कपॅसिटर २.५ मायक्रोफॅरडचा असतो. म्हणजे असे २८४ कपॅसिटर शेजारी-शेजारी जोडले की पृथ्वीची बरोबरी झाली! पूर्ण १ फॅरड हवा असेल तर गोळ्याची त्रिज्या सूर्याच्या त्रिज्येच्या जवळपास १३ पट लागेल. आणि तरीही आज १ फॅरडचा सुपरकपॅसिटर नाण्याएवढ्या डबीत मिळतो. त्याच्या आत असंख्य सूक्ष्म छिद्रांचा कार्बन असतो, त्यामुळे पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि दोन भारांमधलं अंतर रेणूंच्या मापाचं होतं.

७. बाटलीतली वीज आणि १८० सैनिकांची उडी

जगातला पहिला कपॅसिटर काचेची बरणी होता. १७४५ मध्ये पोमेरेनियातल्या एवाल्ड गेओर्ग फॉन क्लाइस्ट यांना आणि त्यानंतर काही महिन्यांतच हॉलंडमधल्या लायडन शहरात पीटर फान मुशेनब्रूक यांना बरणीत वीज साठवता येते हे कळलं. दोघांनाही ते सणसणीत झटक्यातूनच कळलं. बरणीला नाव मिळालं ‘लायडन जार’. फ्रान्समध्ये जाँ-आंत्वान नोले यांनी राजा पंधराव्या लुईसमोर १८० सैनिकांना हातात हात घालून उभं केलं आणि त्यांच्यामधून बरणी रिकामी केली. सगळे एकाच क्षणी उडाले! १८० माणसांचा तो रेझिस्टर आणि एक बरणी, म्हणजे हेही आपलंच सर्किट. अशा बरण्या एकत्र जोडल्या की त्या समूहाला बेंजामिन फ्रँकलिन ‘बॅटरी’ म्हणत.

८. ९८ शब्द, १६ तास

१८५८च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागराच्या तळातून पहिली तार टाकली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेला पोहोचायला तब्बल १६ तास लागले! कारण समुद्रातली तार हाच एक लांबलचक कपॅसिटर असतो: मध्ये तांबं, भोवती गटापर्चाचं वेष्टण आणि त्याबाहेर खारं पाणी. तांब्याचा रोध आणि वेष्टणाची क्षमता दोन्ही लांबीबरोबर वाढतात, म्हणून दिरंगाई लांबीच्या वर्गाने वाढते. तार दुप्पट लांब केली की दिरंगाई चौपट. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी हे गणित १८५५ सालीच प्रसिद्ध केलं होतं. पण मुख्य विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी त्याऐवजी व्होल्टेज वाढवत नेलं आणि आधीच नाजूक असलेली तार काही आठवड्यांत कायमची गप्प झाली. १८६६ मध्ये जाड तांबं आणि जाड वेष्टण वापरलं. रोध घटला आणि संदेश सुरळीत धावू लागले. चारच वर्षांत, १८७० मध्ये, ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली.

९. तेच दुखणं, आता नखाएवढ्या चिपवर

अटलांटिकच्या तारेला जे छळत होतं तेच आज प्रोसेसरला छळतं. चिपमधल्या तारा एकमेकींना इतक्या खेटून असतात की शेजारच्या दोन तारांचा कपॅसिटर होतो. तार बारीक केली की रोध वाढतो. रुंदी आणि जाडी दोन्ही निम्मी केली, तर तेवढ्याच लांबीचा रोध चौपट. ट्रान्झिस्टर कितीही चपळ असला तरी निरोप तारेतच अडकतो. म्हणून १९९७ मध्ये आयबीएमने चिपमध्ये ॲल्युमिनियमच्या जागी तांब्याच्या तारा आणण्याची घोषणा केली. तांब्याचा रोध ॲल्युमिनियमपेक्षा जवळपास ४० टक्क्यांनी कमी. तारांमधल्या काचसदृश थरातही असे पदार्थ आणले गेले, की क्षमता घटावी. केल्विन यांचा १८५५चा धडा असा पुन्हा गिरवावा लागला.

१०. रंगाची एक पट्टी चुकली आणि हृदय सापडलं

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बफेलो इथे विल्सन ग्रेटबॅच हृदयाचे आवाज नोंदवणारं यंत्र बनवत होते. १० किलोओहमचा रेझिस्टर घ्यायचा, तर हाती आला १ मेगओहमचा. रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांच्या भाषेत पहिला तपकिरी-काळा-नारिंगी आणि दुसरा तपकिरी-काळा-हिरवा; फरक एका पट्टीचा! रोध शंभरपट झाला आणि सर्किटने वेगळीच चाल धरली: क्षणभर ठोका, मग साधारण एक सेकंद शांतता, पुन्हा ठोका. ग्रेटबॅच यांच्या लगेच लक्षात आलं की ही तर हृदयाची लय! १९५८ मध्ये त्यांच्या पेसमेकरने कुत्र्याचं हृदय चालवून दाखवलं आणि १९६० मध्ये तो माणसांच्या शरीरात बसला. तिकडे स्वीडनमध्येही १९५८ साली रुग्णाच्या शरीरात पेसमेकर बसवला गेला होता.

११. आपल्या अंगातही हेच सर्किट

हृदय रक्त ठोक्याठोक्याने ढकलतं, पण बारीक रक्तवाहिन्यांत ते थांबत नाही. का? महाधमनी फुगून रक्त साठवते, म्हणजे ती झाली कपॅसिटर; आणि पुढच्या बारीक वाहिन्या वाट अडवतात, त्या झाल्या रेझिस्टर. दोन ठोक्यांमध्ये रक्तदाब जसा उतरतो तो आलेख कपॅसिटर रिकामा होण्याच्या आलेखाशी मिळतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ ओटो फ्रँक यांनी १८९९ मध्ये याचं गणित मांडलं. वयोमानाने धमन्या कडक झाल्या की ‘कपॅसिटर’ लहान होतो आणि वरचा-खालचा रक्तदाब यांतलं अंतर वाढतं.

मेंदूचंही तसंच. चेतापेशीचं पातळ आवरण हा कपॅसिटर, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरडचा. आणि त्यातली आयनांची दारं म्हणजे रेझिस्टर. फ्रान्सच्या लुई लापीक यांनी १९०७ मध्येच चेतातंतूला या सर्किटच्या रूपात पाहिलं होतं. लांब चेतातंतूंवर मायलिनचं जाड वेष्टण असतं. त्याने क्षमता घटते, गळती थांबते आणि संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंत वेग गाठतो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूत तो जेमतेम १ मीटर जातो.

१२. पापणीसारखा मिचकावणारा वायपर

रिमझिम पावसात गाडीचा वायपर एकदा फिरतो, थोडा थांबतो, पुन्हा फिरतो. ही थांबण्याची सोय अमेरिकेतल्या रॉबर्ट कर्न्स यांची, १९६०च्या दशकातली. लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच लागून त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. पापणी अधूनमधून मिटते, मग वायपर का सतत फिरावा, हा त्यांचा प्रश्न. उत्तर त्यांनी रेझिस्टर, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टरमध्ये शोधलं. कपॅसिटर भरेपर्यंत वायपर थांबतो. बटण फिरवलं की रोध बदलतो आणि थांबण्याचा वेळही. पुढे मोटार कंपन्यांशी त्यांचा वर्षानुवर्षं खटला चालला. सुटे भाग तर जुनेच आहेत, यात नवीन काय, असा प्रतिपक्षाचा सवाल होता. अखेर १९९० मध्ये फोर्डने त्यांना सुमारे १ कोटी डॉलर दिले. त्यांच्यावर २००८ मध्ये चित्रपटही निघाला.

१३. ५५५, चिपमधला महानायक

डिप्लोमाच्या पहिल्या प्रोजेक्टपासून मिरवणुकीतल्या चमचमत्या दिव्यांपर्यंत ५५५ टायमर सगळीकडे दिसतो. हान्स कामेन्झिंड यांनी तो १९७१ मध्ये रचला आणि सिग्नेटिक्स कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणला. आत ५ किलोओहमचे तीन सारखे रेझिस्टर असतात. ते व्होल्टेजचे तीन समान भाग करतात. बाहेरचा कपॅसिटर दोन-तृतीयांश भरला की चिप दखल घेते आणि रिकामा होत एक-तृतीयांशावर आला की पुन्हा. मर्यादा आणि भरणं दोन्ही एकाच पुरवठ्याच्या प्रमाणात असल्याने बॅटरी उतरत आली तरी वेळ जवळपास तोच राहतो. एक ठोका हवा असेल तर वेळ काढायचं सूत्रही सोपं: १.१ गुणिले रोध गुणिले क्षमता.

१४. डिस्नेने घेतले आठ नग

ह्यूलेट-पॅकार्ड ही बलाढ्य कंपनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या एका गॅरेजमध्ये १९३९ साली सुरू झाली, हे अनेकांना ठाऊक असतं. पण तिचं पहिलं उत्पादन काय होतं? रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या जोरावर सूर काढणारा ऑसिलेटर! किंमत ५४ डॉलर ४० सेंट. आवाज एका पातळीवर टिकावा म्हणून त्यात चक्क एक छोटा दिवा होता. आवाज वाढला की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि आवाज आपोआप आवरला जातो. वॉल्ट डिस्ने स्टुडिओने ‘फँटेझिया’ चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी त्याची सुधारित आवृत्ती घेतली, आठ नग. कॉइल वापरणाऱ्या सर्किटपेक्षा याचा एक मोठा फायदा होता: कपॅसिटर दहापट बदलला की सूरही दहापट बदलतो. कॉइलवाल्यात तो जेमतेम ३.२ पट बदलतो.

१५. विसराळू मेमरी

तुमच्या फोनमध्ये ८ जीबी रॅम असेल, तर तुमच्या खिशात ६,८०० कोटींहून अधिक कपॅसिटर आहेत! रॉबर्ट डेनर्ड यांनी १९६६ मध्ये आयबीएममध्ये असताना शोधलेल्या रचनेत माहितीचा प्रत्येक बिट एका इवल्या कपॅसिटरमध्ये राहतो: भरलेला म्हणजे १, रिकामा म्हणजे ०. पण हे कपॅसिटर गळके असतात. म्हणून रॅम प्रत्येक कपॅसिटर साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरते, म्हणजे सेकंदाला पंधराहून जास्त वेळा. थंडीत ही गळती मंदावते. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मेमरी चिप गारठवून, कॉम्प्युटर बंद करून, मिनिटांनंतरही तिच्यातली गुपितं वाचून दाखवली.

१६. सावकाश साठवा, झटक्यात उधळा

कॅमेऱ्याचा फ्लॅश हा करंटच्या दोन वेगांचा खेळ आहे. छोटे सेल काही सेकंद खपून कपॅसिटरला सुमारे ३०० व्होल्टपर्यंत नेतात. कपॅसिटर १५० मायक्रोफॅरडचा असेल तर त्यात जेमतेम ७ ज्यूल ऊर्जा मावते. पण ती झेनॉनच्या नळीतून एका मिलिसेकंदात बाहेर पडली की क्षणभराची शक्ती होते ७ किलोवॉट! भरताना रोध मोठा, रिकामं होताना रोध छोटा, एवढीच किमया. अमेरिकेतल्या एमआयटीचे हॅरल्ड एजर्टन यांनी याच किमयेने दुधाच्या थेंबाचा मुकुट आणि सफरचंदातून आरपार जाणारी गोळी छायाचित्रात गोठवली.

१७. पंखा मंदावला? कंडेन्सर बदला!

आपल्याकडचा इलेक्ट्रिशियन मंद पंखा बघून पहिलं वाक्य हेच बोलतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. पंख्याला फिरवायला दोन वाइंडिंगमधल्या करंटची लय मागे-पुढे असावी लागते आणि ती मागे-पुढे करतो कपॅसिटर, म्हणजेच बोलीतला कंडेन्सर. तो जुना झाला, क्षमता घटली की पंख्याचा जोर ओसरतो. रेग्युलेटरमध्येही हीच जोडी. जुन्या, हाताला गरम लागणाऱ्या रेग्युलेटरमध्ये मोठा रेझिस्टर असे; वेग कमी केला तरी वीज उष्णतेत वाया जाई. नव्या पायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात. ते सेकंदाला १०० वेळा ऊर्जा घेतात आणि १०० वेळा परत देतात, म्हणून तापत नाहीत.

१८. रिकामा केला, तरी पुन्हा भरला

मोठा कपॅसिटर पूर्ण रिकामा करा, तारा सोडा, थोड्या वेळाने मीटर लावा. व्होल्टेज परत आलेलं! मधल्या थराच्या आत खोलवर मुरलेला परिणाम सावकाश वर येतो. म्हणूनच उच्च दाबाच्या मोठ्या कपॅसिटरची दोन टोकं साठवताना एकमेकांना तारेने जोडून ठेवतात. चांगल्या उपकरणांत कपॅसिटरला समांतर एक मोठा रेझिस्टर कायमचा बसवलेला असतो. वीज गेली की तो गुपचूप कपॅसिटर रिकामा करतो आणि दुरुस्ती करणाऱ्याचे हात वाचवतो.

१९. आकाश नावाचा कपॅसिटर

पृथ्वीची जमीन हा एक पत्रा आणि वरचं विद्युतवाहक वातावरण हा दुसरा. दोघांमध्ये सुमारे अडीच लाख व्होल्टचा फरक! मधली हवा पूर्ण निरोधक नाही, तिच्यातून जगभर मिळून हजार अँपिअरच्या घरात करंट सतत झिरपतो. कुणी भरणारं नसतं तर हा कपॅसिटर काही मिनिटांत रिता झाला असता. भरण्याचं काम जगभरची वादळं करतात, ही कल्पना सी. टी. आर. विल्सन यांनी १९२०च्या सुमारास मांडली. निरभ्र दिवशीही जमिनीजवळ दर मीटरला सुमारे १०० व्होल्टचा फरक असतो. आपलं शरीर वाहक असल्याने तो जाणवत नाही.

२०. हातोहात चार

- स्वेटर काढताना बसणारा चटका? चाचणीशाळेत माणसाला १०० पिकोफॅरड आणि १,५०० ओहम असं सर्किट मानतात. टाइम कॉन्स्टंट १५० नॅनोसेकंद.
- एफएम रेडिओत खरखर कमी करायला टाइम कॉन्स्टंट ठरवून दिलेला असतो: अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, युरोपात ५०.
- इलेक्ट्रिक गिटारचं ‘टोन’ बटण म्हणजे एक बदलता रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. तीक्ष्ण सूर कपॅसिटरच्या वाटेने निघून जातात, खर्ज उरतो.
- शांत, जोडून ठेवलेल्या सर्किटमध्येही उष्णतेमुळे कपॅसिटरचं व्होल्टेज थरथरतं. १ पिकोफॅरडला, खोलीच्या तापमानात, सुमारे ६४ मायक्रोव्होल्ट. रोध कितीही असला तरी हाच आकडा!

२१. आता तुमची पाळी

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, थोडक्या पैशांत हे सामान मिळतं: ९ व्होल्टची बॅटरी, १०० किलोओहमचा रेझिस्टर, १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि डिजिटल मल्टिमीटर. कपॅसिटरचा उणे पाय बॅटरीच्या उणे टोकालाच जोडा, उलटा जोडला तर तो खराब होतो. मीटर कपॅसिटरच्या दोन पायांवर लावा आणि फोनवर स्टॉपवॉच सुरू करा. १० सेकंदांनी ५.७ व्होल्ट, २० सेकंदांनी ७.८, ३० सेकंदांनी ८.५ आणि ५० सेकंदांनी ८.९ व्होल्टच्या आसपास आकडे दिसायला हवेत. घरातल्या विजेच्या लाइनला आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशला मात्र या खेळात हात लावू नका. तिथला कपॅसिटर जीवघेणा ठरू शकतो.

आकडे थोडे पुढे-मागे झाले तर हिरमुसू नका. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेल्या क्षमतेत २० टक्के फरक चालवून घेतात. ५.७ व्होल्टला १० ऐवजी ११ सेकंद लागले, तर तुमचा कपॅसिटर खरा ११० मायक्रोफॅरडचा आहे. केवळ स्टॉपवॉच वापरून तुम्ही त्याची क्षमता मोजलीत! आलेखाच्या कागदावर दर पाच सेकंदांचे बिंदू मांडा आणि शाळेतल्या मुलांना सोबत बसवा. केल्विन यांना समुद्राखालच्या तारेत दिसलेला, लापीक यांना चेतातंतूत दिसलेला तोच वक्र त्यांच्या स्वतःच्या पेन्सिलीतून उतरेल.